राजपुत्राला व्याकरण कशाला?

गेल्या अंकात या सदरात पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या शाळांचा विषय निघाला होता. व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र यांच्या अभ्यासातून माणूस घडतो, असं मानणाऱ्या तिथल्या विद्वानांना आपण मानवतावादी म्हणतो. त्यावर बरीच पत्रं आली. काही पत्रांतले प्रश्न सारखेच होते, ते मी एकत्र केले आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण ते पत्र मला दोन ओळींत उरकवेना.

प्रश्न : मॅडम, माझ्या मुलीला बारावीला ९३ टक्के मिळाले आणि ती म्हणते, इतिहास घेऊन बी.ए. करायचं. घरात त्यावरून अबोला आहे. तुम्ही त्या मानवतावाद्यांचं कौतुक केलंत, पण त्यांच्याकडे शिकणारी राजेरजवाड्यांची पोरं. त्यांना नोकरी शोधायची नव्हती. ज्याला पोट भरायचं आहे त्याला या विद्येचा काय उपयोग होता, ते खरं खरं सांगा. — एक वडील, बार्शी

उत्तर : खरं खरं सांगते, आणि सुरुवात राजाच्याच पोरापासून करते. १४०२-०३ च्या सुमारास पिएर पाओलो व्हेर्जेरिओ नावाच्या विद्वानानं इटलीतल्या पाडुआ नगराच्या राजघराण्यातल्या उबेर्तिनो दा कारारा या बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. मुलांचं वळण कसं असावं आणि त्यांनी काय शिकावं, हा त्याचा विषय. मुक्त विद्या म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या, त्याच्या अंगी सद्गुण आणि शहाणपण आणणाऱ्या विद्या, ही व्याख्या त्यातलीच. ग्रंथाच्या आरंभी व्हेर्जेरिओ उबेर्तिनोच्या आजोबांचं एक बोलणं आठवतो. आईबापांनी मुलांना तीन गोष्टी द्याव्यात : लाज वाटणार नाही असं नाव, राहायला चांगलं नगर आणि चांगलं शिक्षण. मग व्हेर्जेरिओ स्वतः म्हणतो की तिघांत शिक्षणासारखा टिकाऊ आधार दुसरा नाही, कारण शिकलेला माणूस हलक्या कुळाचा आणि आडगावचा असला तरी वर येतो.

आता पुढचं ऐका. १४०५ मध्ये व्हेनिसनं पाडुआ जिंकलं. पुढच्या वर्षी उबेर्तिनोच्या वडिलांना आणि दोन भावांना व्हेनिसच्या तुरुंगात गळा दाबून मारलं. उबेर्तिनो फ्लॉरेन्सला होता म्हणून वाचला, पण तोही १४०७ मध्ये वारला. तीनपैकी नगर गेलं, नावही गेलं. ज्या मुलासाठी ग्रंथ लिहिला त्याला तो वापरायला आयुष्य मिळालं नाही, हे मला फार लागतं. ग्रंथ मात्र राजपुत्राविना जगला. त्याची शंभरावर हस्तलिखितं आजही शिल्लक आहेत. ती नकलून घेणाऱ्यांत शिक्षक होते, कारकून होते, व्यापाऱ्यांची मुलं होती. म्हणजे तुमचा प्रश्न त्या काळातल्या लोकांनाही पडला होता, आणि उत्तर मिळेल या आशेनं ते हा ग्रंथ वाचत होते.

तुमच्यासारखे वडीलही तेव्हा होते. चौदाव्या शतकातला कवी पेत्रार्क हा या सगळ्या मंडळींचा मूळपुरुष. त्याचे वडील वकिली दस्तऐवज करणारे. मुलानं कायदा शिकावा म्हणून त्यांनी त्याला आधी माँपेलिएला आणि मग बोलोन्याला पाठवलं. मुलगा लपवून काव्याची पुस्तकं वाचतो हे कळल्यावर त्यांनी ती शोधून काढली आणि विस्तवात टाकली. पेत्रार्क म्हातारपणी हा प्रसंग लिहितो. आपल्याच अंगाला आग लागल्यासारखा मी रडलो, असं तो सांगतो. ते पाहून वडिलांनी जळता जळता दोन पुस्तकं ओढून काढली. एक रोमन कवी व्हर्जिलचं, दुसरं रोमन वक्ता सिसेरोचं वक्तृत्वावरचं. व्हर्जिल मन रमवायला ठेव आणि सिसेरो कायद्याच्या अभ्यासाला, असं ते म्हणाले. त्या वडिलांवर मला राग धरता येत नाही. पोराच्या भाकरीची काळजी खरी होती, आणि त्याचं रडणं पाहून विस्तवात घातलेला हातही खरा होता.

आता नोकरीचं. इथे तुमचा समज थोडा बदलायला हवा. मानवतावादी स्वतः फारसे श्रीमंत घरचे नव्हते, आणि त्यांच्या विद्येला बाजार होता. इटलीत तेव्हा एकमेकांशी भांडणारी नगरराज्यं होती. युद्ध, तह, कर, कर्ज, लग्न, सगळं पत्रांवर चालायचं. समोरच्याला पटेल, झोंबेल किंवा थोपवून धरेल असं लॅटिन पत्र लिहिणारा माणूस प्रत्येक दरबाराला हवा होता. कोलुच्चो सालुताती १३७५ पासून १४०६ मध्ये मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चिटणीस होता. त्याचं एक पत्र हजार घोडेस्वारांइतकं नुकसान करतं, असं मिलानचा ड्यूक, फ्लॉरेन्सचा कट्टर शत्रू, म्हणत असे अशी आख्यायिका आहे. याच सालुतातीनं खटपट करून १३९७ मध्ये मान्युएल ख्रिसोलोरास या ग्रीक विद्वानाला कॉन्स्टँटिनोपलहून शिकवायला आणवलं.

तेव्हा लिओनार्दो ब्रुनी हा अरेत्सोचा तरुण फ्लॉरेन्समध्ये कायदा शिकत होता. तो मोठ्या पेचात पडला. त्या पेचाचं वर्णन त्यानं पुढे स्वतः केलं आहे. कायद्याचे पंडित गल्लोगल्ली आहेत, ते कधीही भेटतील. पण इटलीत सातशे वर्षांत कुणाला धड ग्रीक आलेलं नाही, आणि शिकवणारा हा एकच माणूस आला आहे. त्यानं कायदा सोडला. पुढे तो पोपचा सचिव झाला, १४२७ पासून मरेपर्यंत फ्लॉरेन्सचा चिटणीस होता, आणि १४४४ मध्ये वारला तेव्हा चांगला पैसेवाला होता. सान्ता क्रोचे चर्चमध्ये त्याची संगमरवरी समाधी आहे. त्यात त्याच्या छातीवर पुस्तक कोरलं आहे.

हे सांगून मी तुमची समजूत घालते आहे असं वाटू देऊ नका. ब्रुनीला काम मिळालं ते पदवीमुळे मिळालं नाही. त्याच्या लेखणीत जोर होता, त्याला दोन भाषा मुळातून येत होत्या आणि जुन्या घटनांवरून आजचा डाव ओळखता येत होता. व्हेर्जेरिओ तीन विषय सगळ्यांच्या वर ठेवतो : नीतिशास्त्र, वक्तृत्व आणि इतिहास. काय करणं योग्य ते पहिल्यानं कळतं, ते चारचौघांना पटवायची ताकद दुसऱ्यानं येते, आणि पूर्वी अशा वेळी कोण कसं वागलं त्याचे दाखले तिसरा पुरवतो. चारचौघांत बसून निर्णय घ्यायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्यासाठी हे शिक्षण होतं. आज ती वेळ राजपुत्रावरच येते असं नाही. ती ग्रामसभेत येते, पतसंस्थेच्या संचालकांवर येते, शाळेच्या व्यवस्थापन समितीवरही येते.

मुलीशी बोला. इतिहास का हवा, असं विचारण्याऐवजी इतिहासातलं काय शोधायचं आहे, असं विचारा. तिच्याकडे उत्तर असेल तर तिला जाऊ द्या, आणि सांगा की नुसत्या गाइडावर बी.ए. करायचं नाही. मोडी शिकायची, जमलं तर फारसी शिकायची, इंग्रजी पक्कं करायचं आणि दर आठवड्याला काहीतरी लिहायचं. मोडी दप्तरं वाचणारी माणसं आपल्याकडे अजून फार थोडी आहेत.

प्रश्न : मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास आवडतो, पण व्याकरणाला एवढा मान का दिला असेल ते समजत नाही. व्याकरणानं जगात कधी काही बदललं का? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : बदललं. तुला एकच गोष्ट सांगते, पण नीट सांगते.

मध्ययुगात पोपच्या दरबाराकडे एक दस्तऐवज होता. चौथ्या शतकातला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याला कुष्ठरोग झाला, पोप सिल्व्हेस्टरनं त्याला बरं केलं, म्हणून कृतज्ञतेनं त्यानं रोम आणि साम्राज्याचा सगळा पश्चिम भाग पोपांना दान दिला, असं त्यात लिहिलेलं. या कागदाच्या जोरावर पोप राजांवर हक्क सांगत. १४४० मध्ये लोरेंझो व्हाल्ला या विद्वानानं हा कागद बनावट आहे असं दाखवलं. त्याच्या हातात काय होतं? लॅटिन भाषेचं ज्ञान. कागदात 'सत्रप' आले आहेत, म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार. चौथ्या शतकातल्या रोमच्या कारभारात कुणी स्वतःच्या अधिकाऱ्यांना सत्रप म्हणत होतं का? कागदात कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाचा उल्लेख आहे. ते नगरच तेव्हा वसलेलं नव्हतं. मुकुट सोन्याचा म्हटला आहे. त्या काळचा तो राजपट्टा कापडाचा असे. वाक्यरचना तर कित्येक ठिकाणी सम्राटाच्या दरबारी लॅटिनशी जुळतच नाही. एकेक शब्द पकडून व्हाल्ला विचारत जातो : हा शब्द त्या माणसाच्या तोंडी, त्या वर्षी येऊ शकतो का?

मला त्याहून आवडतो तो पुस्तकाचा पहिला भाग, ज्याकडे लोक कमी लक्ष देतात. तिथे तो कॉन्स्टंटाइनच्या मुलांना उभं करतो. बाप अर्धं साम्राज्य वाटून टाकतो आहे आणि मुलगे गप्प बसतील? मग तो त्यांच्या तोंडून भाषण करवतो. सिनेटच्या वतीनं बोलतो. खुद्द पोप सिल्व्हेस्टरकडूनही दान नाकारणारं भाषण करवतो. शाळेत मुलांकडून काल्पनिक भाषणं लिहून घेत, ती सवय इथे पुरावा तपासायला कामी आली. माणसं अशी वागतात का, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.

व्हाल्ला तेव्हा, पुढे नेपल्सचा राजा झालेल्या आल्फोन्सोच्या पदरी होता, आणि आल्फोन्सोचं पोपशी भांडण चालू होतं. म्हणजे हे निव्वळ सत्यशोधन होतं असं समजू नकोस. धन्याची सोय त्यात होती. पण धन्याची सोय असली म्हणून 'सत्रप' खरे ठरत नाहीत. गंमत म्हणजे पुढच्या काही वर्षांत पोप बदलले आणि पाचव्या निकोलसनं याच व्हाल्लाला रोमला पोपच्या दरबारात नोकरी दिली. चांगलं लॅटिन लिहिणारा माणूस त्यांनाही हवाच होता.

तुझ्या अभ्यासात पुढे केव्हातरी एखादी सनद किंवा बखर येईल. तेव्हा पहिलं काम शब्दांचं कर. हा शब्द त्या काळात होता का, एवढं विचारायला लागलास तरी तुला व्याकरणाचा मान समजेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भाषा शिकवतो. या मोठ्या गप्पा ठीक आहेत, पण त्या वर्गांत रोज नेमकं काय चालायचं? — एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : गुरुजी, रोज चालायची ती घोकंपट्टी, नकला आणि वह्या. हे लपवायचं कारण नाही. ग्वारिनो दा व्हेरोना यानं फेर्रारात १४२९ पासून दरबारी शाळा चालवली. त्याच्या मुलानं, बात्तिस्तानं, १४५९ मध्ये वडिलांची पद्धत लिहून ठेवली. शिक्षक उतारा वाचणार, शब्द फोडून सांगणार, त्यातला राजा कोण, नदी कुठली, चाल कुठली ते सांगणार, आणि मुलं उतरवून घेणार. वह्या विषयवार. एकीत व्याकरणाचे नियम आणि वाक्प्रचार, दुसरीत इतिहास आणि कथा. मग तेच पाठ करायचं, पुन्हा म्हणायचं. आजचे काही इतिहासकार या वह्या पाहून म्हणतात की यातून स्वतंत्र माणसं कमी आणि आज्ञाधारक कारकून जास्त तयार झाले असतील. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. व्याख्या कितीही सुंदर असली तरी वर्गातला तास तसाच सुंदर होतो असं नाही, आणि शिक्षकाला हे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

तरी दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घेतल्या. पहिली व्हेर्जेरिओची. दिवसभरात शिकलेलं संध्याकाळी सोबत्यांना सांगा, असं तो बजावतो, कारण दुसऱ्याला शिकवताना आपल्याला किती आलं ते कळतं. ग्रंथालयात घड्याळ समोर दिसेल असं ठेवा, म्हणजे वेळ वाहताना डोळ्यांना दिसेल, हेही त्याचंच.

दुसरी इरॅस्मस या डच मानवतावाद्याची. त्यानं १५१२ मध्ये लेखनशैलीवर एक पाठ्यपुस्तक छापलं. त्यात 'तुझ्या पत्रानं मला फार आनंद झाला' हे एक वाक्य घेऊन तो ते दीडशेच्या आसपास तऱ्हांनी लिहून दाखवतो. मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवायचे, तेव्हा हा धडा नुसता सांगण्याऐवजी मुलांकडून मराठीत करवून घेतला. तास शेवटचा, निम्म्या मुलांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे. सुरुवातीला सगळी वाक्यं 'अत्यानंद झाला', 'खूप हर्ष झाला' अशी. मग एका मुलीनं लिहिलं, 'पोस्टमननं आज आमच्या दारात दिवाळी टाकली.' वर्ग हसला आणि सुटला. 'पत्र खिशात ठेवलंय, दिवसभर हात तिकडेच जातो.' 'तुझं पत्र वाचलं आणि जेवण गार झालं.' 'तुझं अक्षर दिसलं आणि जीव भांड्यात पडला.' हे शेवटचं मी फळ्यावर लिहिलं तर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, याला आनंद झालेला नाही. याची काळजी मिटलीय." मग त्या दोन भावनांत फरक काय, यावर वर्ग भांडला. एसटी चुकली असेल कुणाची, पण कुणी उठलं नाही. शब्द बदलला की अर्थ सरकतो, आणि तो किती सरकला हे पाहायला आधी आपल्याला काय म्हणायचं आहे ते ठरवावं लागतं. इरॅस्मसचा दीडशे वाक्यांचा खटाटोप मला त्या दिवशी पटला.

आणि मार? इरॅस्मस त्याच्या ठाम विरोधात होता. १५२९ च्या पुस्तकात तो छड्या मारणाऱ्या मास्तरांवर तुटून पडतो, आणि लहान मुलांना अक्षरांच्या आकाराची बिस्किटं द्या, म्हणजे ती अक्षरं आवडीनं ओळखतील, ही जुन्या रोमन लोकांची युक्ती सांगतो. हे मूळ त्याचं नाही. क्विंटिलियन या पहिल्या शतकातल्या रोमन शिक्षकानंही मारायला विरोध केला होता. त्याचा पूर्ण ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी या इटालियन मानवतावाद्याला तो स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलच्या मठात धुळीत पडलेला सापडला, आणि इटलीतल्या शिक्षकांनी तो अक्षरशः गिळला.

प्रश्न : या लोकांना गणित-विज्ञान कमी दर्जाचं वाटायचं का? — एक अभियंता, नाशिक

उत्तर : काहींना वाटायचं. पण चित्र एकरंगी नाही. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हानी व्हिल्लानी यानं १३३८ च्या सुमाराची शहरातली मुलं मोजली आहेत. हिशेब शिकणारी १००० ते १२०० मुलं, सहा शाळांत. व्याकरण-तर्कशास्त्र शिकणारी ५५० ते ६००, चार शाळांत. म्हणजे व्यापाऱ्यांचं शहर आधी हिशेबच शिकत होतं, आणि लॅटिन ही थोड्यांची वाट होती. लिओनार्दो दा विंची हिशेबाच्या बाजूचा. लॅटिन न आल्याची बोच त्याच्या वह्यांत दिसते, आणि पस्तिशी उलटल्यावर तो लॅटिन शब्दांच्या याद्या करत बसला होता.

दोन्ही वाटा एकत्र आणणारा शिक्षक म्हणजे मान्तुआचा व्हित्तोरिनो दा फेल्त्रे. १४२३ मध्ये गोंझागा राजघराण्यानं त्याला बोलावलं. त्यानं राजाच्या मुलांबरोबर गरीब मुलांना फुकट शिकवलं, रोज खेळ आणि व्यायाम ठेवला, आणि गणित सोडलं नाही. पिसानेल्लो या कलावंतानं त्याचं पदक पाडलं, त्यावर त्याला श्रेष्ठ गणिती आणि सगळ्या मानव्यविद्येचा पिता म्हटलं आहे. पुढे अर्बिनोचा ड्यूक झालेला फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो, त्या काळातला नामांकित सेनापती, लहानपणी या शाळेत होता. त्यानं आपल्या अभ्यासिकेत थोर पुरुषांची २८ चित्रं लावली. त्यांत प्लेटो आणि ॲरिस्टॉटलच्या पंगतीला आपला मास्तर बसवला.

तुम्ही अभियंता आहात म्हणून आणखी एक. स्पॅनिश मानवतावादी हुआन लुइस व्हिव्हेस १५३१ मध्ये लिहितो की विद्वानानं कारागिरांच्या दुकानांत आणि कारखान्यांत जायला, त्यांना त्यांच्या कामातलं बारीकसारीक विचारायला लाजू नये.

प्रश्न : स्वतंत्र माणसाची विद्या म्हणता, त्यात बाई होती का? — एक वाचक, पुणे

उत्तर : होती, आणि तिला दारात थांबवलं गेलं. हे लिहिताना मला राग येतो, तो मी आवरत नाही.

ब्रुनीनं १४२० च्या दशकात बात्तिस्ता मालातेस्ता या विदुषीला अभ्यासाबद्दल एक लांब पत्र लिहिलं. पत्र उदार आहे. काव्य वाच, इतिहास वाच, नीतिशास्त्र वाच, मोठ्या वक्त्यांची भाषणंही वाच, म्हणतो. मग वक्तृत्वाच्या शास्त्राशी येऊन अडतो. जिला कधी न्यायसभा दिसायची नाही, तिनं युक्तिवादाच्या बारकाव्यांत शक्ती का घालवावी? बोलताना हातवारे करणारी, आवाज चढवणारी बाई वेडी वाटेल, तिला आवरावं लागेल. म्हणजे सगळी विद्या घे, पण बोलू नकोस. १४३३ मध्ये सम्राट सिगिस्मुंड इटलीत आला तेव्हा याच बात्तिस्तानं त्याच्यासमोर उभं राहून लॅटिनमध्ये भाषण केलं, आपल्या घराण्याचं गेलेलं राज्य मागायला. ब्रुनीच्या सल्ल्यातली तेवढी एक गोष्ट तिनं ऐकली नाही.

व्हेरोनाची इझोत्ता नोगारोला त्यानंतरची, जन्म १४१८. तिची आई शहाणी. तिनं मुलींना ग्वारिनोच्या शिष्याकडून शिकवलं. ग्वारिनोनं तिची पत्रं वाचून स्तुती केली, म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या इझोत्तानं त्याला स्वतः पत्र लिहिलं. ग्वारिनोनं उत्तर दिलं नाही. गावाला हे कळलं. मग तिनं १४३७ मध्ये दुसरं पत्र लिहिलं. जगात इतक्या बायका आहेत, मग मी बाई म्हणून का जन्मले, पुरुषांनी शब्दांनी आणि वागण्यानं तुच्छ लेखावं म्हणून? सगळं शहर मला हसतंय, बायकाही हसताहेत, असं तिनं लिहिलं. या पत्राला ग्वारिनोनं लगेच उत्तर दिलं, आणि त्यात धीर काय दिला, तर बाईच्या देहात पुरुष हो. दुसऱ्या वर्षी कुणीतरी निनावी पत्रक काढून तिच्यावर घरातल्याच पुरुषाशी संबंध असल्याचा घाणेरडा आरोप केला. शिकलेली बाई सापडली की तिच्या चारित्र्यावर जायचं, हा रोग जुना आहे.

इझोत्ता थांबली नाही. लग्न केलं नाही, मठातही गेली नाही, घरीच पुस्तकांत राहिली. १४५१ मध्ये व्हेरोनाच्या व्हेनेशियन अधिकाऱ्याशी, लुदोव्हिको फोस्कारिनीशी, तिनं लेखी वाद घातला : ॲडमचं पाप मोठं की ईव्हचं? ईव्ह दुबळी होती असं तुम्हीच म्हणता ना, मग जास्त शक्ती असणाऱ्याचा दोष जास्त नाही का, असा तिचा युक्तिवाद. दुबळेपणाचं गृहीतक मान्य करून तिनं वाद जिंकायचा प्रयत्न केला, याचं मला वाईट वाटतं. पण तिच्यापुढे तेवढंच हत्यार ठेवलेलं होतं.

व्हित्तोरिनोकडे शिकलेली चेचिलिया गोंझागा लहान वयातच सुंदर ग्रीक लिहायची. वडिलांना तिचं लग्न लावायचं होतं, तिला मठात जाऊन अभ्यास करायचा होता. मास्तर तिच्या बाजूनं उभा राहिला, तिच्या वडिलांचीच, म्हणजे राजाची, नोकरी असूनही. वडील १४४४ मध्ये वारले तेव्हाच तिची सुटका झाली. मुलींना शिकवून पुढे करायला काही न ठेवणं हा त्या शिक्षणातला सगळ्यात मोठा दोष होता. आजचे पालक मुलीला पदव्युत्तर करतात आणि तिची नोकरी 'लग्नानंतर बघू' म्हणून टाळतात, त्यांनी चेचिलियाचं नाव लक्षात ठेवावं.

प्रश्न : हा विचार गोव्यापर्यंत आला का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : आला, आणि इथे त्याची दोन्ही तोंडं दिसली. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या एका संघानं, आपल्या शाळांचा पाया याच मानवतावादी अभ्यासक्रमावर घातला. १५९९ मध्ये त्यांनी जगभरच्या शाळांसाठी जो नियम ठरवला त्यातले वर्ग व्याकरण, मानव्य आणि वक्तृत्व असे चढत जातात. गोव्याचं सेंट पॉल कॉलेज त्यांच्या हाती होतं, आणि १५५६ मध्ये मुद्रणयंत्र तिथेच आलं. रोममध्ये जेझुइट झालेला इंग्रज थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचला, आणि १६१६ मध्ये त्याचं ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' छापून निघालं. भाषा मुळातून शिकायची, तिच्या छंदात बोलायचं, ही त्याच्या शाळेची शिकवण होती. हेतू धर्मप्रसाराचा, हेही तितकंच खरं.

पण गोव्याचा खरा मानवतावादी मला गार्सिया द ओर्ता वाटतो. सालामांका आणि आल्काला इथे शिकलेला हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे तो उपचाराला जायचा. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. १५६३ मध्ये त्यानं गोव्यात भारतीय औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, आणि ते संवादाच्या रूपात लिहिलं. रुआनो नावाचा कल्पित पाहुणा ग्रीक ग्रंथांचा हवाला देतो, ओर्ता आपण स्वतः काय पाहिलं ते सांगतो. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन वैद्य गॅलन आणि ग्रीकांविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती, असं तो एका ठिकाणी म्हणतो. ग्रंथ मनापासून वाचायचे आणि डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं निघालं तर तसं लिहायचं, हे त्यानं इथे, आपल्या मातीतल्या औषधांवर करून दाखवलं.

ओर्ता ज्यू वंशाचा होता, घराण्याला जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्यांनी हे केलं तेही लॅटिन शिकलेले होते. पेत्रार्कनं १३६७ मध्ये लिहून ठेवलं होतं की सत्य जाणण्यापेक्षा चांगलं व्हावंसं वाटणं मोठं. ॲरिस्टॉटल वाचून माझं ज्ञान थोडं वाढलं, मन होतं तसंच राहिलं, हेही त्यानं कबूल केलं होतं. या विद्येची मी तीस वर्षं बाजू घेत आले. गोव्याची ही गोष्ट तिच्यासोबतच सांगायला हवी, म्हणून वर्गात दोन्ही एकाच तासाला शिकवत असे.

प्रश्न : यातलं मुळातून वाचायचं तर कुठून सुरुवात करू? — एक गृहिणी, सांगली

उत्तर : फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी माकिआव्हेल्ली यानं १० डिसेंबर १५१३ रोजी मित्राला लिहिलेल्या पत्रापासून. सत्ता गेली, तुरुंगात छळ सोसला, आता शेतावर राहतो, दिवसा गावच्या खाणावळीत पत्ते खेळतो. रात्री अंगावरचे चिखलाचे कपडे काढून दरबारी पोशाख घालतो आणि जुन्या लोकांशी बोलायला पुस्तकांत जातो, चार तास कंटाळा येत नाही, असं तो सांगतो. त्यानंतर इझोत्ताची दोन पत्रं, मग व्हेर्जेरिओ. तिन्हींची इंग्रजी भाषांतरं आहेत. व्हेर्जेरिओचा ग्रंथ लहान आहे. दुपारची कामं आटोपून रोज थोडा वाचलात तर आठवड्यात संपेल, आणि वाचलेलं त्याच संध्याकाळी घरात कुणालातरी सांगा.